मुळीच न मानणारे

इजिप्तमधल्या थडग्यांत हयात घालवलेला माणूस खरा की तोतया, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. त्याला शापाबद्दल विचारावं. हौशी प्रवासी असला तर तो डोळे विस्फारतो. वाटाड्या असला तर आवाज खाली आणतो आणि बक्षिशीचा अंदाज घेतो. खरा उत्खननवाला मात्र आधी चिडतो. "असल्या गोष्टी मी मुळीच मानत नाही," हे तो इतक्या ठासून सांगतो की विचारणाराच ओशाळतो. मग तो पेला भरून घेतो, खुर्ची पुढे ओढतो आणि एक किस्सा सांगायला घेतो. किस्सा पाऊण तास चालतो. तो संपेपर्यंत टेबलाभोवतीचं कुणीतरी हळूच उठून दिव्याची वात मोठी करून आलेलं असतं.

त्याची बाजूही समजून घ्यायला हवी. तूतनखामूनच्या थडग्यात मिळालेल्या एका रंगीत पेटीचा तळ गाठायला, ते थडगं शोधून काढणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या मंडळींना तीन आठवडे लागले. आत राजाचे कपडे, चपला, मण्यांचं भरतकाम. कापड असं की बोट लावलं की भुगा. दोरा केव्हाच कुजलेला आणि मणी मात्र ओवल्यासारखे जागच्या जागी. त्यांच्यावर वितळलेलं मेण ओतायचं, सेल्युलॉइडचं द्रावण फवारायचं, फोटो घ्यायचा, चित्र काढायचं, नंबर टाकायचा, कार्ड भरायचं आणि मग पुढच्या मण्याकडे वळायचं. असं करत पाच हजारांवर वस्तू बाहेर यायला दहा वर्षं गेली. आता असा माणूस दिवसभर उकाड्यात वाकून संध्याकाळी लक्झरच्या विंटर पॅलेस हॉटेलात जेवायला येतो. शेजारच्या खुर्चीवर लंडनहून आलेल्या बाई असतात. त्यांना मेण किती गरम असावं हे ऐकायचं नसतं. त्यांना शाप ऐकायचा असतो. माणूस किती संध्याकाळी तग धरणार?

आर्थर वायगॉल यांनी तग धरायचा प्रयत्नही केला नाही. या जातीचे ते मुकुटमणीच. जन्म १८८० चा. पंचविशीतच वरच्या इजिप्तच्या पुराणवस्तूंचे मुख्य निरीक्षक झाले. हेच पद त्यांच्याआधी कार्टरने सांभाळलं होतं. निरीक्षक म्हणून वायगॉल चांगलेच कडक होते. चोरांच्या मागे लागायचे, थडग्यांना दारं बसवायचे, परदेशी श्रीमंतांनी हौसेखातर चालवलेल्या खणाखणीवर नाक मुरडायचे. लेखणी मात्र पहिल्यापासून चुरचुरीत. पुढे नोकरी सुटल्यावर ते लंडनला परतले आणि तिथे त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, रंगभूमीसाठी गाणी लिहिली, सिनेमांची परीक्षणं केली, कादंबऱ्या पाडल्या. फारोंच्या इतिहासापासून संगीत नाटकापर्यंत इतक्या सहज उतरलेला दुसरा इजिप्तविद्यातज्ज्ञ झाला नसेल. आणि गृहस्थांना शापाच्या गोष्टी येत होत्या, त्याही एकाहून एक.

त्यांची मांजराची गोष्ट घ्या. थीब्जच्या उत्खननात मांजराच्या आकाराची एक लाकडी पेटी सापडली, आत मांजराची ममी. नोकरांच्या घोटाळ्यात ती वायगॉल यांच्या झोपायच्या खोलीत येऊन पडली. त्याच दिवशी त्यांच्या बटलरला विंचू चावला आणि तो तापाच्या भरात, एक करडं मांजर मागे लागलंय, असं बरळू लागला. रात्री पिस्तूल झाडल्यासारखा आवाज होऊन वायगॉल जागे झाले, तर एक करडं मांजर त्यांच्या अंगावरून उडी मारून, हाताला ओरखडा काढून खिडकीबाहेर पसार झालं. पेटीची दोन शकलं झालेली आणि आतली ममी सरळ बसलेली. इथे आपण श्वास रोखून धरतो. वायगॉल मात्र शांतपणे सांगतात, की दमट हवेने जुनं लाकूड फुगलं आणि फुटलं, करडं मांजर शेजारचं असणार. शहाण्या माणसासारखं शास्त्रीय कारण! पण ते सांगतात केव्हा? ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहून पुरता स्थिरावल्यावर. आधी सांगितलं असतं तर गोष्टच उरली नसती, हे त्यांच्यातल्या नाटकवाल्याला पक्कं ठाऊक होतं.

नाटकावरून आठवलं. १९०९ मध्ये वायगॉल आणि त्यांचा अमेरिकन चित्रकार मित्र जोसेफ लिंडन स्मिथ यांच्या डोक्यात एक कल्पना आली. अखेनातेन हा फारो जुने देव मोडून सूर्यबिंबाच्या नादी लागला, म्हणून आमोनच्या पुजाऱ्यांनी त्याचा आत्मा कायम भटकत ठेवला, अशी समजूत. तेव्हा राण्यांच्या खोऱ्यात एक नाटक बसवावं आणि त्या बिचाऱ्याला शापातून सोडवावं. सव्वातीन हजार वर्षांचा शाप हौशी नाट्यप्रयोगाने उतरवायची ही योजना सरकारच्या पुराणवस्तू खात्याच्या मुख्य निरीक्षकाची होती, हे लक्षात घ्या. शापबिप न मानणाऱ्या माणसाची! निमंत्रणं गेली. दोघांच्या बायकांनी मुख्य भूमिका घेतल्या. अखेनातेन झाल्या होत्या वायगॉलबाई. खोऱ्यात रंगीत तालीम सुरू झाली आणि वादळ उठलं. त्यानंतर एका बाईंचे डोळे आले, दुसऱ्या पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळल्या, दोघींनाही चांगलंच भोगावं लागलं. प्रयोग रद्द झाला. उघड्या माळावर, वाळू उडत असताना, पाहुण्यांच्या जिवावर बसवलेलं हौशी नाटक पडायला शाप कशाला लागतो, असं कुठल्याही गावच्या नाट्यमंडळाचा चिटणीस सांगेल. वायगॉल यांनी मात्र पुढची कित्येक वर्षं ती तालीम जेवणाच्या टेबलांवर यशस्वीपणे चालवली. अखेनातेन अजून भटकतोच आहे.

असा हा माणूस १९२३ च्या आरंभी 'डेली मेल'चा बातमीदार होऊन राजांच्या खोऱ्यात आला, आणि बघतो तर दार बंद.

त्याचं असं झालं. १९२२ च्या ४ नोव्हेंबरला कार्टरला ती सुप्रसिद्ध पहिली पायरी सापडली. महिनाअखेर थडगं उघडलं आणि जगभरचे बातमीदार लक्झरला लोटले. उत्खननाचा खर्च करणारे लॉर्ड कार्नार्व्हन या गर्दीला वैतागले. हिशेबी माणसाप्रमाणे त्यांनी जानेवारीत लंडनच्या 'टाइम्स'शी करार केला. पाच हजार पौंड आणि वर नफ्यात वाटा; बदल्यात थडग्यातली खबर 'टाइम्स'लाच आधी. म्हणजे इजिप्तच्या राजाचं थडगं, इजिप्तच्या भूमीत आणि खुद्द इजिप्तच्या वर्तमानपत्रांना बातमी लंडनहून! बाकीच्या बातमीदारांनी मग थडग्याच्या तोंडावरच्या बुटक्या भिंतीवर मुक्काम ठोकला. आतून स्ट्रेचरवर एखादी खुर्ची बाहेर आली की तेवढी दिसायची. रोज रात्री मात्र तार गेलीच पाहिजे, आणि तारेत चार ओळी तरी हव्यातच. जगातल्या सगळ्यात मोठ्या बातमीच्या डोक्यावर बसलेला आणि बातमी नसलेला बातमीदार काय करील? शापाचा कारखाना निघाला तो इथे, या भिंतीवर. पुजाऱ्यांचा काही संबंध नाही.

त्या भिंतीवर वायगॉलही होते. चित्रलिपी वाचू शकणारा, एके काळी या सगळ्या खोऱ्याच्या किल्ल्या बाळगणारा माणूस, आणि आता बाकीच्यांसारखाच उन्हात. १६ फेब्रुवारीला दफनकक्ष उघडायचा होता. निमंत्रितांसाठी खाली खुर्च्या चालल्या होत्या. लॉर्डसाहेब मजेत होते. आत आता गाण्याची मैफल होणार आणि कार्टर गाणार, असं काहीतरी थट्टेत बोलले. वायगॉल शेजाऱ्याला म्हणाले, याच वृत्तीने हे खाली उतरणार असतील तर मी यांना सहा आठवडे देतो.

बोलायचं म्हणून बोलले. दार बंद असलेल्या माणसाच्या तोंडून असं काही निघतंच. पण कार्नार्व्हन यांच्या गालावर डास चावला, दाढी करताना तिथे वस्तरा लागला, जखम चिघळली, रक्तात विष भिनलं, न्युमोनिया झाला आणि ५ एप्रिलला पहाटे कैरोत ते गेले. सहा आठवडे उलटून जेमतेम आठवडा झाला होता. जर्मनीतल्या मोटार अपघातापासून लॉर्डसाहेबांची प्रकृती तोळामासा होती. इजिप्तला ते यायचेच मुळी हवापालटासाठी. पेनिसिलीन निघायला अजून पाच वर्षं होती. तरीही वायगॉल यांचं ते वाक्य आता भविष्य झालं. त्यांच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर पहिले दोन दिवस अपराधी वाटून घेतलं असतं आणि तिसऱ्या दिवसापासून जाईल तिथे सांगितलं असतं. त्यांनी त्याच वर्षी पुस्तक काढलं. त्यात प्राचीन आत्म्यांच्या दुष्टाव्यावर एक अख्खं प्रकरण आहे. इजिप्तमध्ये या विषयावर आपण पुष्कळ बाष्कळ बडबड ऐकली आहे, असं ते त्यात बजावतात, आणि पुढे लगेच, आपण मनाची कवाडं बंद केलेली नाहीत, असंही नमूद करतात. ती कवाडं उघडी ठेवल्यामुळे पुस्तकाचा खप कमी झाला नसणार.

पुढची गोष्ट सर्वांनी मिळून रचली. मेरी कोरेली या त्या काळच्या तुफान खपाच्या कादंबरीकार. त्यांनी लॉर्डसाहेब आजारी असतानाच, कुठल्याशा जुन्या अरबी ग्रंथाचा हवाला देऊन, सीलबंद थडग्यात शिरणाऱ्याला भयंकर शिक्षा होते असं जाहीर करून टाकलं होतं. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. बातमीदारांनी गाठताच त्यांनी पुजाऱ्यांनी राखणीला ठेवलेल्या अदृश्य शक्तींचा संशय व्यक्त केला. ज्याने जगाला पुराव्याशिवाय बोलू नये असं शिकवलं, त्याला स्वतःला हा नियम लागू नव्हता. मृत्यूच्या घटकेला कैरोचे दिवे गेले, अशी एक गोष्ट निघाली. कैरोचे दिवे तेव्हा अधूनमधून जायचेच. त्याच क्षणी इंग्लंडात लॉर्डसाहेबांची कुत्री विव्हळून मेली, अशी दुसरी. ब्रिटिश म्युझियमकडे तर घरोघरच्या ममींच्या हातापायांची आणि बाहुल्या-ताइतांची पार्सलं येऊ लागली. आजोबांनी नाईलच्या सहलीतून हौसेने आणलेला एखादा वाळका पंजा दिवाणखान्यात ठेवायला आता कुणी धजेना.

या सगळ्यात थडग्यातला शाप कुठे होता? नव्हताच. तूतनखामूनच्या थडग्यात कुणी मरेल-बिरेल असं लिहिलेलं एक अक्षर मिळालेलं नाही. कोल्ह्याच्या रूपातल्या अनुबिस देवाच्या मूर्तीपाशी मातीची एक वीट होती. तिच्यावरच्या मजकुरात वाळूला गुप्त दालनात शिरू न देण्याची आणि मृताला राखण्याची भाषा आहे. एका बातमीदाराने तिच्यात, उंबरठा ओलांडणाऱ्या सगळ्यांना मी मारीन, असं पदरचं शेपूट जोडून दिलं. शेपूट ममीपेक्षा जास्त टिकलं.

खरे शाप इजिप्तमध्ये होते, पण ते दुसरीकडे आणि वेगळ्या चालीचे. जुन्या काळच्या अधिकाऱ्यांच्या, कारागिरांच्या थडग्यांवर ते मिळतात. अपवित्र होऊन आत येणाऱ्याची मान पाखरासारखी पिरगाळू, असा एकाचा दम. गिझाच्या पिरॅमिडांजवळ पुरलेल्या एका कारागिराने तर मगर, पाणघोडा आणि सिंह असे तीन कर्मचारी नेमले आहेत. देवळांना दिलेल्या जमिनींच्या शिळांवर दान मोडणाऱ्याच्या आणि त्याच्या बायकोच्या वाट्याला गाढव येतं, आणि ते ओझं वाहायला येत नाही. आपल्याकडे शिलाहारांच्या काळापासूनचे गधेगाळ ज्यांनी पाहिलेत, त्यांना अधिक सांगायला नको. नाईलचे पुजारी आणि कोकणचे राजे एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दुसऱ्याची जमीन लाटणाऱ्याला कशाची भीती घालावी याबद्दल दोघांचंही अगदी स्वतंत्रपणे एकमत झालं. हे शाप म्हणजे तेव्हाची 'अतिक्रमण करणाऱ्यावर कारवाई होईल' ही पाटी. डास, वस्तरा, न्युमोनिया असा लांबचा वळसा घेणारा शाप प्राचीन इजिप्तच्या माणसाला समजलाच नसता.

शिवाय चोर तिथे आधीच जाऊन आले होते. तूतनखामूनला पुरल्यावर थोड्याच काळात थडगं निदान दोनदा फोडलं गेलं. एका चोराने आठ सोन्याच्या अंगठ्या फडक्यात गाठ मारून ठेवल्या आणि घाईत तिथेच टाकल्या. त्या तशाच कार्टरला मिळाल्या. तेव्हा शाप बहुधा कामावर रुजू व्हायचा होता.

एकदा रुजू झाल्यावर मात्र त्याने कामाची निवड केली नाही. यादीत नाव लागायला मेलं पाहिजे, एवढीच अट. थडगं पाहून गेलेले अमेरिकन धनाढ्य जॉर्ज जे गूल्ड न्युमोनियाने गेले: शाप. ममीचे एक्स-रे घ्यायचं ठरलेले डॉक्टर इजिप्तला निघण्याआधीच गेले: शाप, आणि तोही आगाऊ. १९२४ च्या नोव्हेंबरात सुदानचे इंग्रज गव्हर्नर-जनरल सर ली स्टॅक यांना कैरोच्या रस्त्यात गोळ्या घालून मारण्यात आलं: तरीही शाप. गोळ्या घालणाऱ्यांना आपण इंग्रजांविरुद्ध काहीतरी करतो आहोत असं वाटत होतं. श्रेय तूतनखामूनला गेलं.

इथे आपल्या मंडळींतला दुसरा नमुना पुढे येतो. हा शापाचे हिशेब ठेवतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचे हर्बर्ट विन्लॉक या वर्तमानपत्री गणिताला इतके कंटाळले की त्यांनी स्वतःच खतावणी मांडली. १९३४ मध्ये त्यांनी हिशेब दिला: थडगं उघडताना हजर २६, पैकी दहा वर्षांत गेले ६. दगडी शवपेटी उघडताना हजर २२, गेले २. ममीची वस्त्रं सोडताना हजर १०, गेले शून्य. म्हणजे राजाच्या जितकं जवळ जावं तितकं आयुष्य वाढतं! वस्त्रं सोडण्याचं काम तर फार निर्दय होतं. राळेने ममी पेटीला आणि मुखवट्याला घट्ट चिकटलेली. गरम सुऱ्यांनी ती सोडवावी लागली, आणि राजा अखंड बाहेर आला नाही. शापाला न्याय नावाची चीज असती तर ती सुरी धरणारे डॉ. डग्लस डेरी पहिले जायला हवे होते. ते त्यानंतर आणखी ३५ वर्षं जगले. कार्नार्व्हन यांच्या कन्या लेडी एव्हलिन थडग्यात पहिल्याप्रथम उतरलेल्यांपैकी. त्या गेल्या १९८० मध्ये.

विन्लॉक यांचा आकडा चोख होता, पण अशा आकड्यांनी शाप मरत नाही. उलट, म्युझियमचा संचालक ज्याची नोंद ठेवतो त्यात काहीतरी असणार, असं लोक धरून चालतात. आणि विन्लॉक तरी कुठले कोरडे? कार्टरच्या घरी सोनेरी पिंजऱ्यात एक कॅनरी होती. मजुरांना वाटायचं की हिनेच थडगं दाखवलं. थडगं उघडलं आणि नागाने ती गिळली, राजाच्या कपाळावर असतो तसल्या नागाने! ही गोष्ट झकासपैकी लिहून ठेवणाऱ्यांत एक नाव आहे, हर्बर्ट विन्लॉक. आधी किस्सा, नंतर खतावणी.

२००२ च्या डिसेंबरात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मार्क नेल्सन या डॉक्टरांनी तर रीतसर अभ्यासच छापला. थडगं उघडलं त्या वेळी इजिप्तमध्ये असलेले ४४ पाश्चात्त्य लोक घेतले. २५ जण शापाच्या टप्प्यात आलेले, बाकीचे न आलेले. टप्प्यात आलेले सरासरी ७० व्या वर्षी गेले, न आलेले ७५ व्या. हा फरक योगायोगाच्या पलीकडे जात नाही, असं संख्याशास्त्राने सांगितलं. न मानणाऱ्याच्या छातीत त्या पाच वर्षांनी हलकीशी कळ आलीच असणार.

या सगळ्या याद्यांत एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपते. वर्षानुवर्षं त्या खोऱ्यात राबलेले इजिप्शियन मजूर, पाट्या वाहणारी पोरं, कार्टरने पुस्तकात नावानिशी आभार मानलेला मुकादम अहमद गेरिगार यांच्यापैकी कोण कधी गेलं याचा हिशेब शापवाल्यांनी ठेवला नाही आणि शाप खोडणाऱ्यांनीही नाही. पायरीवरची वाळू हटवणारे, दगड फोडणारे, शवपेट्या ओढून काढणारे हात त्यांचे. शापाने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तोही बिचारा नाव छापून येईल अशाच माणसांच्या मागे होता.

आता ही न मानणाऱ्यांची जात नामशेष झाली असेल असं वाटत असेल तर तसं नाही. फक्त आता ती इजिप्तचीच आहे आणि टोपी रुबाबात घालते. झाही हवास यांनी बहारिया ओअॅसिसमधून दोन मुलांच्या ममी हलवल्या, तर ती मुलं त्यांच्या स्वप्नात येऊ लागली. वडिलांची ममी त्या मुलांजवळ नेऊन ठेवली तेव्हा कुठे स्वप्नं थांबली, हे त्यांनीच लिहिलं आहे. जानेवारी २००५ मध्ये राजांच्या खोऱ्यात तूतनखामूनचं सीटी स्कॅन करायला लाखो डॉलरचं यंत्र ट्रेलरवर आणलं, आणि राजा आत गेल्यावर ते बंद पडलं. पंख्यात वाळू गेली होती. एका पहारेकऱ्याने दबक्या आवाजात शापाचा विनोद करून घेतला. शेवटी बाजारात मिळणारे प्लॅस्टिकचे पंखे लावून यंत्र थंड केलं आणि काम झालं. हवास यांनी नंतर त्या दिवशीच्या वादळवाऱ्याची आणि बंद पडलेल्या यंत्राची हकीकत मोठ्या चवीने सांगितली.

राहता राहिला कार्टर. हा तिसरा नमुना आणि माझ्या मते सगळ्यात अस्सल, कारण त्याला किस्सा सांगायलाही वेळ नव्हता. शाप म्हणताच तो भडकायचा. शहाण्या माणसाने असल्या थापा तुच्छतेने झटकाव्यात, असं त्याचं मत. सतराव्या वर्षी चित्रं काढायला म्हणून इजिप्तला आलेला, फारसं शिक्षण नसलेला, एकलकोंडा, तिरसट माणूस. १९०५ मध्ये सक्कारा इथे फ्रेंच प्रवाशांनी दंगा केला, तेव्हा याने इजिप्शियन पहारेकऱ्यांची बाजू घेतली, माफी मागायला नकार दिला आणि नोकरी घालवली. असल्या माणसाला शाप काय घाबरवणार? त्याला छळलं ते पाहुण्यांनी. १९२६ च्या पहिल्या अडीच महिन्यांतच बारा हजारांवर लोक थडगं बघून गेले. प्रत्येकाच्या खिशात कुणा मंत्र्याची, नाहीतर लॉर्डाची चिठ्ठी. अरुंद दालनात एखाद्या सरदारीणबाईंचा घेर तीन हजार वर्षांच्या फुलदाणीच्या किती जवळून जातो, हे बघत उभं राहण्याइतकी शिक्षा कुठल्या पुजाऱ्याला सुचली असती?

आणि सरकारी खातं. पुराणवस्तू खात्याचे प्रमुख पियेर लाको यांचे नियम, परवाने, पत्रं. फेब्रुवारी १९२४ मध्ये सव्वा टनाचं झाकण दोरांनी उचलून शवपेटी उघडली. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांच्या बायकांनी ती पाहायचं ठरलं होतं, तर मंत्रालयाकडून मनाई आली. कार्टरने थडग्याला कुलूप घातलं, हॉटेलात काम बंद झाल्याची नोटीस डकवली आणि चालता झाला. झाकण तिथेच दोरांवर लोंबत. मग कोर्टकचेरी. मंत्री मोरकोस हन्ना यांच्यावर पूर्वी इंग्रजांनी राजद्रोहाचा खटला भरला होता, आणि त्यात सरकारची बाजू मांडणारे वकीलच नेमके आता कार्टरचे वकील! त्यांनी भर कोर्टात सरकारला दरोडेखोराची उपमा दिली. तडजोड होत आली होती, ती तिथेच मोडली. कार्टर जवळजवळ वर्षभर थडग्याबाहेर बसला. वायगॉल भिंतीवर बसले होते, हा थेट हद्दपार.

एवढ्या कोरड्या माणसाच्या डायरीतही १९२६ च्या मे महिन्यात एक नोंद सापडते. वाळवंटात त्याने कोल्ह्यांची जोडी पाहिली. त्यातला एक काळा, उंच, थेट अनुबिस देवासारखा. पस्तीस वर्षांत असा काळा कोल्हा पहिल्यांदाच दिसला, असं त्याने लिहिलंय. पुढे टिप्पणी काही नाही. कुणी डायरीत कोल्हे लिहिले म्हणून शाप मानला असं होत नाही. फक्त त्या दिवशी त्याला लिहायला दुसरं पुष्कळ होतं.

वायगॉल १९३४ च्या जानेवारीत त्रेपन्नाव्या वर्षी गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांनाही शापाच्या खात्यावर टाकलं. स्वतःच्या हाताने उघडलेलं खातं. कार्टर गेला तो मार्च १९३९ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी, कर्करोगाने. थडग्यात पहिलं पाऊल टाकणाऱ्याला गाठायला शापाला सोळा वर्षं लागली, तरी काही संपादकांनी उशिराबद्दल तक्रार न करता ती मोजली.

मग त्याच्या भाचीने त्याच्या लंडनच्या घराची आवराआवर केली. वस्तूंत काही अशा निघाल्या, ज्या तूतनखामूनच्या थडग्यातल्याच होत्या. त्या तिथे कशा आल्या यावर जाणकार अजून भांडतात. त्या परत कशा कराव्यात हा मोठाच पेच पडला, कारण परत करायच्या तर आधी त्या आहेत हे कबूल करायला हवं. पुष्कळ खटपटीने त्या इजिप्तच्या वकिलातीकडे आणि तिथून राजे फारूक यांच्यामार्फत कैरोच्या म्युझियमला पोचल्या. १९२३ मध्ये इंग्लंडभरच्या भित्र्या, भोळसट लोकांनी आपापल्या घरातले पंजे आणि ताईत एका दिवसात पार्सल करून टाकले होते. कार्टर असलं काही मुळीच मानत नव्हता, म्हणून त्याच्या कपाटातलं तेवढं राहून गेलं.